सात कार्डं आणि एक लाल वही

फेब्रुवारी २०१९. न्यू जर्सीत एडिसनला आम्ही घर घ्यायचं ठरवलं होतं. कर्जासाठी कागद गोळा करताना माझ्या ड्रॉवरमधून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत सात स्टोअर कार्डं. कपड्यांच्या दोन दुकानांची दोन, लहान मुलांच्या कपड्यांचं एक, फर्निचरचं एक, बुटांचं एक, घरदुरुस्तीच्या सामानाचं एक आणि मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचं एक. अशी कार्डं त्या त्या दुकानातच चालतात. वर नाव दुकानाचं असलं तरी उधार देणारी बहुतेक वेळा मागची एखादी बँकच असते.

सगळी बंद करून टाकावीत, असं पहिल्यांदा मनात आलं. तसं केलं नाही, हे बरं झालं. पण सगळी ठेवलीही नाहीत. इथल्या मराठी मंडळात नव्यानं आलेल्या मुली हल्ली मला हेच विचारतात, म्हणून जे अनुभवाला आलं ते लिहिते आहे.

१. ते कार्ड का काढलं होतं, ते आधी आठवा

मी २००९ मध्ये लग्न करून एच-४ या आश्रित जोडीदाराच्या व्हिसावर इथे आले. नोकरीची परवानगी नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि तो नाही म्हणून स्वतःच्या नावावर जवळजवळ काहीच नाही. कोल्हापूरच्या बँकेत माझं खातं होतं, पण तिथला व्यवहार इथे कोणी विचारात घेत नव्हतं. २६ मे २०१५ पासून, जोडीदाराची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेलेली असेल तर एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मिळू लागली. माझी सप्टेंबरात आली, मग नंबर आला, आणि नोव्हेंबरात मी थंडीचा कोट घ्यायला गेले.

कोट ८६ डॉलरचा. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, आज दुकानाचं कार्ड काढलंत तर वीस टक्के सूट आहे, काढायचं का? तेव्हा माझा पगार सुरू झाला नव्हता. पण २०१३ मध्ये नियम बदलल्यापासून २१ वर्षांपुढच्या माणसाला घरातलं, आपल्या हाताशी असलेलं उत्पन्नही अर्जात दाखवता येतं. मी ते दाखवलं. तीनशे डॉलरची मर्यादा मिळाली. सूट सतरा डॉलरांची होती, पण मला त्या सुटीचं काही नव्हतं. सहा वर्षांनी कोणीतरी माझ्या नावानं अर्ज भरून घेत होतं, त्याचं अप्रूप होतं. कार्ड टपालानं आलं तेव्हा त्यावरच्या उठावाच्या अक्षरांवरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत बसले होते.

बाकीची सहा तशी नव्हती. ती काउंटरवर उभं राहून, मागे रांग असताना, सूट ऐकून ‘हो’ म्हटलेली होती. डब्यातल्या कार्डांचे तिथेच दोन ढीग झाले.

२. घरकर्ज तोंडावर असेल तर हात लावू नका

उधारीतली पत मोजणारा इथला फिको स्कोअर ३०० ते ८५० मध्ये असतो. त्यात हप्ते वेळेवर भरल्याचा वाटा ३५ टक्के आणि किती उधार उचललंय याचा ३० टक्के. हा दुसरा आकडा नुसत्या थकबाकीवर ठरत नाही. एकूण मर्यादेच्या किती टक्के वापरलेत, तेही त्यात पाहतात.

माझ्याकडे बँकेचं एक कार्ड होतं, मर्यादा ५,००० डॉलर. भारताच्या तिकिटांचे त्यावर २,००० चढलेले. सात स्टोअर कार्डांची मर्यादा मिळून ७,५००, आणि त्यांवर बाकी शून्य. म्हणजे साडेबारा हजारांपैकी दोन हजार, सोळा टक्के. सातही बंद केली असती तर पाच हजारांपैकी दोन हजार झाले असते, म्हणजे चाळीस टक्के. एका पैशाची नवी उधारी न करता मी कागदावर जास्त कर्जबाजारी दिसले असते. आणि हे नेमकं अशा वेळी, जेव्हा स्कोअरमधल्या थोड्या फरकानं तीस वर्षांच्या कर्जाचा व्याजदर बदलतो.

तिकिटांचे पैसे फिटले की टक्का पुन्हा खाली येतो, हे खरं. पण कर्ज देणारा सहीच्या आधीच्या दिवसांतही आपला क्रेडिट अहवाल पुन्हा काढून पाहू शकतो. घराच्या किल्ल्या हातात येईपर्यंत मी डबा बंद करून कपाटात वर ठेवला. त्या काळात नवं कार्डही काढलं नाही.

३. बंद केलेलं खातं लगेच पुसलं जात नाही

जुनं कार्ड बंद केलं की इतका सगळा इतिहास जाईल, ही भीती मलाही होती. खात्यांच्या वयाला स्कोअरमध्ये १५ टक्के वजन आहे. पण चांगल्या स्थितीत बंद केलेलं खातं अहवालात दहा वर्षांपर्यंत राहतं, आणि फिकोच्या हिशोबात तोवर त्याचं वय धरलं जातं.

हे कळलं तेव्हा मला बाबांची वही आठवली. कोल्हापुरात महाद्वार रोडला आमचं कापडाचं दुकान होतं, आणि गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीची उधारीची वही. गिऱ्हाईकानं शेवटचा रुपया दिला की बाबा पानावर तिरपी रेघ मारायचे, खाली ‘चुकते’ लिहून तारीख घालायचे. पान मात्र कधी फाडायचे नाहीत. पुढच्या दिवाळीला तेच गिऱ्हाईक आलं की आधी जुनं पान उघडायचे.

४. फर्निचरचं कार्ड: इथे स्कोअर बघत बसले नाही

२०१६ मध्ये सोफा घेतला, १,८०० डॉलरचा, ‘बारा महिने व्याज नाही’ म्हणून. दरमहा दीडशे भरले असते तर बरोबर फिटला असता. मी बिलावर छापलेली किमान रक्कम भरत गेले. दहाव्या महिन्यात जागी झाले, मोठा हप्ता टाकला, तरी वर्ष संपताना १४० डॉलर राहिले.

पुढच्या बिलात २६० डॉलर व्याज. मला वाटलं चूक झाली असेल, १४० वर २६० कसं होईल? फोनवर त्यांनी करार वाचून दाखवला. व्याज माफ नव्हतंच, पुढे ढकललेलं होतं. मुदतीत शेवटचा डॉलर फिटला नाही, तर खरेदीच्या दिवसापासून साचत आलेलं सगळं व्याज एकदम अंगावर येतं. मराठीत ‘बिनव्याजी’ हा एकच शब्द आहे, म्हणून फसायला होतं. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि करारात ‘डिफर्ड’ हा शब्द दिसला की थांबायचं.

स्टोअर कार्डांचे व्याजदर आता तीस टक्क्यांच्या आसपास असतात. ज्या कार्डानं एकदा असा चटका दिला, ते स्कोअरचे चार गुण राखण्यासाठी घरात ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. घराची कागदपत्रं झाल्यावर पहिलं बंद केलं ते हेच.

५. न वापरलेल्या कार्डाचीही राखण करावी लागते

२०१७ च्या उन्हाळ्यात बाबांच्या ऑपरेशनसाठी मी पाच आठवडे कोल्हापुरात होते. निघायच्या आधी मुलीसाठी दोन फ्रॉक घेतले होते, २३ डॉलरचे, त्या मुलांच्या दुकानाच्या कार्डावर. बाकीच्या कार्डांना बँकेतून आपोआप पैसे जायची सोय लावली होती, याला लावायची राहिली. दवाखान्याच्या बाकावर बसून कोणाला आठवणार? परत येईपर्यंत पैसे भरायच्या तारखेवर तीस दिवस उलटून गेले होते, आणि मग ती उशिराची नोंद अहवालात गेली. स्कोअर सत्तरहून जास्त गुणांनी खाली आला. अशी नोंद सात वर्षं राहते.

स्टोअर कार्डाला बहुधा वार्षिक फी नसते, त्यामुळे ‘राहू दे, काय खातंय’ असं वाटतं. ते लक्ष खातं. प्रत्येक कार्डाची वेगळी तारीख, वेगळा पासवर्ड, वेगळं ॲप. सात तारखा सांभाळायला जमत नसेल तर दोन-तीनच ठेवाव्यात. उलट, वर्षानुवर्षं न वापरलेलं कार्ड देणारी बँक न विचारताही बंद करू शकते. ठेवायचंच असेल तर त्यावर सहा महिन्यांतून एखादी लहान खरेदी करावी, आणि लगेच फेडावी.

६. फोन करायच्या आधी आणि नंतर

बाकी शून्य करा. साठलेले रिवॉर्ड आधी वापरा, खातं बंद झालं की ते बहुधा जातात. मागच्या महिन्यात बाकी पुढे ओढली असेल, तर शून्य केल्यावरही थोडं व्याज पुढच्या बिलात येतं. मला ४ डॉलर १२ सेंट आले होते. कार्ड कापून टाकलं म्हणजे खातं बंद झालं असं समजू नका. फोनवर सूट, कूपन, जास्त मर्यादा असं काहीबाही देऊ करतील. ‘नको, बंदच करा’ हे तीनदा म्हणायची तयारी ठेवा. लेखी पत्र मागा, आणि दोनेक महिन्यांनी अहवालात ‘ग्राहकाच्या विनंतीवरून बंद’ असं लागलंय का ते पाहा. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन, अहवाल ठेवणाऱ्या या तिन्ही कंपन्यांचे अहवाल आता दर आठवड्याला फुकट पाहता येतात.

७. आपल्या नावाचं एकमेव कार्ड असेल तर ते कधीच बंद करू नका

हे मी मुलींना सगळ्यात आधी सांगते.

मंडळातल्या एका मैत्रिणीचा नवरा अचानक गेला. बावीस वर्षांचा संसार. तिच्या पर्समध्ये तीन कार्डं होती, तिन्हीवर तिचं नाव छापलेलं, पण खाती सगळी त्याची, ही फक्त वापरायची परवानगी असलेली. बँकेला कळवल्यावर तिन्ही बंद झाली. पूर्वी तिचं एक स्टोअर कार्ड होतं, स्वतःच्या नावावरचं. घरात पसारा नको म्हणून काही वर्षांपूर्वी तिनंच ते बंद करून टाकलं होतं. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून तिच्यासोबत नवा अर्ज भरला. पन्नाशीत, पुन्हा पहिल्यापासून.

बाई आहे किंवा लग्न झालंय म्हणून कर्ज नाकारू नये, असा कायदा या देशात १९७४ मध्ये आला. आपल्या आईच्या पिढीतल्या इथल्या बायकांना तरुणपणी तेही नव्हतं. मर्यादा तीनशेची असली तरी चालेल, पण बायांनो, एक खातं स्वतःचं असू द्या.

सातांपैकी पाच मी दोन वर्षांत एकेक करून बंद केली. पत्र आलं की त्यावर तिरपी रेघ मारून ‘चुकते’ लिहिते, तारीख घालते आणि फाइलला लावते. कोटाच्या दुकानाचं कार्ड ठेवलंय, दर दिवाळीला त्यावर मोज्यांचे जोड घेते. उरलं बुटांचं. त्यावर चाळीस डॉलरचं रिवॉर्ड शिल्लक आहे. मुलीचे बर्फातले बूट यंदा आखूड झालेत, नवे शनिवारी घेऊन आले की सोमवारी कार्डवाल्यांना फोन करणार आहे.