जुलाबातील पोटॅशियमची उणीव : ओळख व उपचार

खताच्या गोणीवरील नत्र, स्फुरद व पालाश हे शब्द बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचे आहेत. पालाशातील मूलद्रव्य म्हणजे पोटॅशियम. खत हे औषध नव्हे, ते कदापि पोटात घेऊ नये. परंतु हेच मूलद्रव्य अन्नावाटे आपल्या शरीरातही येते. स्नायूंचे बळ व हृदयाची लय त्यावर अवलंबून असते. रक्तात त्याचे प्रमाण दर लिटरला सुमारे ३.५ ते ५ मिलिमोल असावे लागते.

जुलाब व उलट्या झाल्या असता पाण्याबरोबर पोटॅशियमही घटते. हातपाय गळून जातात, पोट फुगते, मूल मान धरीत नाही. जुलाब थांबले तरी ही लक्षणे दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. उणीव तीव्र झाल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवतो.

१९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीने आजारी निर्वासितांना ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा घातलेले पाणी पाजून अनेकांचे प्राण वाचविले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेल्या जलसंजीवनीत पोटॅशियम क्लोराइडचाही समावेश झाला. २००२ च्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी ते १.५ ग्रॅम असते. घरगुती मीठ-साखरेच्या पाण्यात ते नसते. म्हणून पुडी मिळेपर्यंतच ते पाणी द्यावे.

पुडीवर लिहिलेल्या मापाइतक्याच स्वच्छ पाण्यात संपूर्ण पुडी विरघळवावी व ते पाणी २४ तासांत संपवावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मोठ्या मुलांना तुरीच्या डाळीचे वरण, भात व केळे द्यावे.

तीव्र उणिवेत डॉक्टर रक्त व हृदयाचा आलेख तपासून, लघवी होत असल्याची खात्री करून, सलाइनमधून पोटॅशियम सावकाश देतात. ते एकदम शिरेत टोचल्यास हृदय बंद पडते. यास्तव अशक्तपणा आला म्हणून कोणाकडेही सुई टोचून घेण्याचा आग्रह धरू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून पोटॅशियमचे औषध घेऊ नये.

आशा कार्यकर्तीकडून जलसंजीवनीची पुडी आणून प्रत्येक घरी ठेवावी. शिक्षकांनी ती तयार करण्याची रीत मुलांकडून करवून घ्यावी, म्हणजे ती घरोघरी पोहोचेल.