जर-तरची भाषा : हार्दिकला सोडून गुजरातने बरोबर केले का?



मागच्या महिन्यात मोठ्या गटाला आम्ही ‘मला आवडलेले पुस्तक’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. निबंध आले, ठीकठाक आले. पण मधल्या सुट्टीत चिवडा खाता खाता क्रिकेटवरून जो वाद पेटला, त्याची सर एकाही निबंधाला नव्हती. घसा बसेपर्यंत मराठीत भांडणारी तुम्ही मुले आम्ही प्रथमच पाहिली! म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही पुस्तक मिटून ठेवले आणि फळ्यावर वादाचाच विषय लिहिला : हार्दिक पंड्याला मुंबईकडे जाऊ देण्यात गुजरातचे शहाणपण होते का?

लहान गटालाही त्या तासाचा उपयोग व्हावा, म्हणून हा पाठ.

आधी हकीकत

आयपीएलचे रात्रीचे सामने भारतात साडेसातला सुरू होतात. तेव्हा आपल्याकडे दहा वाजलेले असतात. त्यामुळे पुष्कळांना निकाल दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्येच कळतो. अशांसाठी थोडक्यात सांगतो.

हार्दिक २०१५ पासून मुंबई इंडियन्सकडून खेळत होता. त्या काळात मुंबईने २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी चार अजिंक्यपदे मिळवली. २०२२ च्या मोठ्या लिलावाआधी जुन्या संघांना जास्तीत जास्त चार खेळाडू ठेवता येणार होते. मुंबईने रोहित शर्मा, जसप्रीत बुमरा, सूर्यकुमार यादव आणि किरॉन पोलार्ड यांना ठेवले. हार्दिक सुटला. नव्याने आलेल्या गुजरात टायटन्सने त्याला १५ कोटी रुपयांना घेऊन कर्णधार केले. पहिल्याच वर्षी गुजरात अजिंक्य ठरले आणि अंतिम सामन्यात हार्दिकने १७ धावांत ३ बळी घेतले. २०२३ मध्येही गुजरात अंतिम फेरीत पोचले, पण चेन्नईविरुद्ध शेवटच्या चेंडूवर हरले.

आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक मुंबईला परत गेला. हा लिलाव नव्हता. दोन संघांनी आपसात केलेला सौदा होता. अशा सौद्यात खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देता येतो किंवा रोखीने व्यवहार करता येतो. इथे व्यवहार रोखीचा झाला. गुजरातला बदल्यात माणूस मिळाला नाही, फक्त लिलावासाठी थैली जड झाली. गुजरातने शुभमन गिलला कर्णधार केले. १५ डिसेंबरला मुंबईने रोहितच्या जागी हार्दिकला कर्णधार नेमले आणि घराघरांत रणधुमाळी सुरू झाली.

२०२४ च्या हंगामात दहा संघांत गुजरात आठवे आले. मुंबई दहावी, म्हणजे शेवटची!

दोन बाजू

वर्गाचे आम्ही दोन गट केले. एका गटाचे म्हणणे, ‘सोडायला नको होते.’ त्यांचे मुद्दे असे :

१. दोन वर्षांत दोन अंतिम फेऱ्या गाठून देणारा कर्णधार कोणी सोडतो का? २०२२ मध्ये त्याने ४८७ धावाही केल्या होत्या.

२. फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही करणारा माणूस गेला की दोन जागा रिकाम्या होतात. १९ डिसेंबर २०२३ ला दुबईच्या लिलावात गुजरातची थैली सर्वांत जड होती, ३८.१५ कोटींची. त्यांनी स्पेन्सर जॉन्सनला १० कोटींना आणि शाहरुख खानला ७.४० कोटींना घेतले. पण हार्दिकसारखा मिळाला नाही. “बाई, थैलीला गोलंदाजी करता येत नाही,” असे या गटातली एक मुलगी म्हणाली. त्या तासातले हे आमचे सर्वांत आवडते वाक्य!

३. सोडायचेच होते, तर बदल्यात खेळाडू मागायचा होता.

दुसऱ्या गटाचे म्हणणे, ‘बरोबर केले.’ त्यांचे मुद्दे :

१. हार्दिकलाच मुंबईला परतायचे होते, असे गुजरातच्या व्यवस्थापनाने तेव्हा जाहीरपणे सांगितले होते. मन दुसरीकडे असलेला कर्णधार बळेच ठेवून काय मिळणार?

२. १९ ऑक्टोबर २०२३ ला पुण्यात विश्वचषकाच्या सामन्यात त्याचा घोटा दुखावला होता. २०२३ च्या आयपीएलमध्ये त्याने तीनच बळी घेतले होते. तेव्हा ‘दोन जागा रिकाम्या झाल्या’ हे तितकेसे खरे नाही.

३. शुभमन गिलने २०२३ मध्ये ८९० धावा केल्या होत्या. चोवीस वर्षांचा मुलगा घरात तयार असताना पुढचा विचार का करू नये?

आता व्याकरण

वाद ऐकताना आमच्या कानांना एक गोष्ट खटकली. जवळजवळ प्रत्येक जण ‘जर-तर’ वापरत होता आणि जवळजवळ प्रत्येक जण त्यात चुकत होता.

चूक : हार्दिक नाही गेला असता, तर गुजरात जिंकेल.
बरोबर : हार्दिक गेला नसता, तर गुजरातचा संघ जिंकला असता.

पहिली चूक हिंदीच्या सवयीची. मराठीत इथे ‘नाही’ आणि ‘असता’ वेगळे राहत नाहीत, त्यांचे मिळून ‘नसता’ होते. दुसरी चूक अर्थाची. ‘जिंकेल’ म्हटले की गोष्ट अजून घडायची आहे. ‘जिंकला असता’ म्हटले की संधी होऊन गेली, आता नुसती कल्पना उरली. अशा वाक्यांना संकेतार्थी वाक्ये म्हणतात.

क्रियापदाचे रूप कोणाप्रमाणे बदलते, तेही पाहा :

शमी खेळला असता, तर बरे झाले असते.
शमीने गोलंदाजी केली असती, तर धावा कमी झाल्या असत्या.
गुजरातने दोन खेळाडू मागितले असते, तर संघ भक्कम झाला असता.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात कर्त्याला ‘ने’ लागला आहे. म्हणून क्रियापद कर्त्याकडे पाहत नाही, कर्माकडे पाहते : गोलंदाजी केली, खेळाडू मागितले.

जर-तर पारखायचे कसे?

संकेतार्थी वाक्य बोलायला सोपे, सिद्ध करायला अवघड. ‘हार्दिक गेला नसता, तर’ असे वर्ष कुणीच पाहिलेले नाही. मग असा वाद व्यर्थ समजायचा का? आम्हाला तसे वाटत नाही. फक्त तीन प्रश्न विचारायची सवय हवी.

पहिला : निर्णय घेताना काय माहीत होते? २०२४ चा गुणतक्ता हातात धरून २०२३ च्या नोव्हेंबरला नावे ठेवणे म्हणजे पश्चातबुद्धी. तेव्हा माहीत होते ते इतकेच : खेळाडूला जायचे आहे, घोटा दुखावला आहे, गिल तयार आहे.

दुसरा : कारण एकच आहे का? २०२३ मध्ये २८ बळी घेऊन स्पर्धेत पहिला आलेला मोहम्मद शमी घोट्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०२४ च्या हंगामात एकही सामना खेळू शकला नाही. गुजरात घसरले, त्याला हेही मोठे कारण. शिवाय हार्दिक ज्या संघात गेला, तो तर तळाला गेला! तेव्हा ‘हार्दिक असला की विजय’ हे गणित तिथेच मोडते.

तिसरा : हिशेब कधी करायचा? २०२५ मध्ये साखळी संपली तेव्हा गुजरात तिसरे होते, मुंबई चौथी. पण ३० मे २०२५ च्या बाद सामन्यात हार्दिकच्या मुंबईनेच गुजरातला २० धावांनी हरवून घरी पाठवले. वर्ष बदलले की उत्तर बदलते.

आमचे मत विचाराल, तर जाऊ दिले ते बरोबर, पण बदल्यात माणूस न घेता जाऊ दिले ते कच्चे. हे तुम्हाला पटलेच पाहिजे असे नाही. पटले नाही, तर कारणे लिहून आणा.

हुर्यो

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे प्रेक्षकांविषयी.

२४ मार्च २०२४ ला अहमदाबादच्या मैदानावर लोकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. ‘आम्हाला सोडून गेलास,’ हा त्यांचा राग. १ एप्रिलला वानखेडेवर त्याच्या स्वतःच्या घरच्या लोकांनीही तेच केले. ‘रोहितची जागा घेतलीस,’ हा यांचा राग. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा असे सांगावे लागले.

पुढे २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या आणि चेंडू हार्दिकच्या हातात होता. भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर लोक त्याच्याच नावाचा जयघोष करत होते. तीन महिन्यांत माणूस बदलला होता की आपण?

आपल्या सिंगापुरातही हे पाहायला मिळते. फांदी अहमद १९९२ साली पाहांगकडून खेळला. १९९४ मध्ये तोच सिंगापूरचा कर्णधार होता आणि त्याच्या संघाने अंतिम सामन्यात पाहांगलाच ४-० असे हरवून मलेशिया चषक घरी आणला. बाहेर जाऊन आला म्हणून सिंगापूरकरांनी त्याला परके मानले नाही. टिम डेव्हिड तर जन्मला सिंगापुरात, २०१९ मध्ये सिंगापूरकडून खेळला, पुढे मुंबईकडून, मग बेंगळुरूकडून आणि देशाचा म्हणाल तर ऑस्ट्रेलियाकडून. तो नक्की कोणाचा?

वर्गात वाद रंगला असताना एक मुलगा जोरात म्हणाला, “जो सोडून जातो, तो आपला नसतोच!” टाळ्या पडल्या. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “मग मीपण?” तिच्या बाबांची बदली झाली आहे आणि जूनच्या सुट्टीत ते सगळे कायमचे पुण्याला जाणार आहेत, हे वर्गात सर्वांना ठाऊक होते. एकदम शांतता पसरली.

तो मुलगा म्हणाला, “तुझं वेगळं आहे.”

“का वेगळं?”

त्याला उत्तर सुचेना. थोडा वेळ त्याने वहीच्या कोपऱ्यावर रेघोट्या मारल्या आणि मग म्हणाला, “बरं, मी ते वाक्य मागे घेतो.”

त्या दिवशी कुठला गट जिंकला ते आम्ही जाहीर केले नाही. पण भर वादात स्वतःचे वाक्य मागे घेणाऱ्या त्या मुलाला आम्ही दहापैकी दहा गुण दिले.

शब्दार्थ

लिलाव – बोली लावून होणारी विक्री
सौदा – देवाणघेवाणीचा ठराव
पश्चातबुद्धी – गोष्ट घडून गेल्यावर सुचलेले शहाणपण
हुर्यो उडवणे – ओरडून फजिती करणे
कच्चे असणे – पूर्ण विचार न केलेले असणे
नावे ठेवणे – दोष काढणे

स्वाध्याय

१. चुका दुरुस्त करा : (अ) पाऊस नाही पडला असता, तर आम्ही खेळू. (आ) आईने डबा दिला असता, तर मी पोळी खाल्ला असता.

२. मुंबईने त्याच सुमारास कॅमरून ग्रीनला १७.५० कोटींना बेंगळुरूकडे दिले. २०२३ मध्ये त्याने मुंबईसाठी एका शतकासह ४५२ धावा केल्या होत्या. हा निर्णय वरच्या तीन प्रश्नांनी पारखून दहा ओळी लिहा.

३. आजी-आजोबांना फोन करून विचारा : त्यांच्या तरुणपणी कोणता खेळाडू संघाबाहेर गेल्यावर असाच वाद झाला होता? ऐकलेले जसेच्या तसे लिहून आणा.

४. वर्ग सोडून जाणाऱ्या मैत्रिणीला पाच ओळींचे पत्र लिहा. त्यात एक तरी संकेतार्थी वाक्य हवे.