कमरेतल्या सुया आणि खिशाचा हिशेब

ॲक्युपंक्चरचे पैसे साधारणपणे सुईमागे नाही, सिटिंगमागे लागतात. त्यामुळे साताऱ्यात जा की मिरजेत, ‘एका वेळचे किती?’ एवढ्यावर थांबू नका. ‘एकूण किती वेळा यायचं?’ हेही तिथेच विचारून घ्या.

कंबरदुखीत हमखास घेतला जाणारा बिंदू म्हणजे ‘शेन्शू’. तक्त्यावर तो बीएल २३ म्हणून दिसतो. कमरेच्या दुसऱ्या मणक्याखाली, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे दोन-दोन बोटांवर. बोटं रुग्णाची मोजायची, डॉक्टरांची नव्हे. चिनी परंपरेत त्याचं नातं मूत्रपिंडाशी जोडतात. जोडीला गुडघ्यामागच्या खळगीतला बिंदूही घेतात. पाचाऐवजी पंधरा सुया टोचल्या म्हणून जादा पैसे मागितले, तर देऊ नका. सुया मात्र तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेल्या, एकदाच वापरायच्या हव्यात.

समजा, पाटणहून कराडला जायचंय आणि सिटिंगचे ४०० सांगितले. बारा वेळचे ४,८०० झाले. पण रोज ४०० ची मजुरी बुडाली, तर आणखी ४,८०० गेले. एस.टी.चं भाडं वेगळं. त्यात बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत प्रवास, एवढाच दिलासा. गावातच संध्याकाळी बसणारा जाणकार ५०० घेत असला, तरी तोच स्वस्त पडतो.

बारा हा आकडा हवेतला नाही. अमेरिकेची सरकारी मेडिकेअर योजना २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ सिटिंगचे पैसे देते. फरक पडला तरच आणखी ८, नाही तर उपचार बंद. आपणही हेच माप लावावं. तज्ज्ञांचं एकमत नाहीच: ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीला ॲक्युपंक्चर देऊ नये असं सांगितलं, तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये ते पर्यायांत धरलं. म्हणून वीस सिटिंगचं ‘पॅकेज’ आगाऊ भरून घेणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही. चार-पाच वेळांनंतर उठणं-बसणं सुधारलं का, ते पाहा आणि मग पुढचं ठरवा.

महाराष्ट्रात २०१५ चा ॲक्युपंक्चर कायदा आहे, राज्याची ॲक्युपंक्चर परिषदही आहे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. भिंतीवर डॉ. कोटणीसांचा फोटो म्हणजे नोंदणी नव्हे; सोलापूरचे कोटणीस चीनला शल्यचिकित्सक म्हणून गेले होते. मोफत शिबिरातून पट्टा, तेल, गादी घेऊन बाहेर पडलात, तर शिबिर मोफत राहिलं नाही.

पाय लुळा पडतोय, लघवी-संडासवर ताबा राहत नाही, सोबत ताप आहे किंवा पडून मार लागलाय, तर सुया नकोत. तडक सिव्हिल गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल, तर तसं आधी सांगा. पेसमेकर असेल, तर सुयांना वीज जोडू देऊ नका.

आरोग्य विमा बहुधा दवाखान्यात दाखल झाल्यावरच लागू होतो. सिटिंगचे पैसे खिशातूनच जातात. पावती प्रत्येक वेळी घ्या. फसवणूक झाली, तर १९१५ वर फोन करा किंवा जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे.