गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी

सुरतेच्या दक्षिणेला असलेले सचिन हे एके काळचे लहानसे संस्थान. आज त्याची ओळख आहे ती जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीमुळे. येथे विणलेले कोरे कापड, म्हणजे ‘ग्रे’चे ताके, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत जातात आणि तयार माल रिंग रोडच्या बाजारात. ही ने-आण पुष्कळशी डिझेल पिकअप व टेम्पो यांवर चालते. त्यांतील कितीतरी गाड्या जुन्या असतात आणि मालक हाच चालक असतो. अशा माणसाला ‘गिअरबॉक्स गेला’ हे शब्द ऐकताच धडकी भरते. बॉक्स उतरवायचा म्हणजे मजुरी, सुटे भाग, शिवाय बुडालेल्या खेपा. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट ठाऊक असते. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सगळी खातेवही नव्याने लिहीत नाही. आधी बेरजा तपासायच्या, मग बाकी, मग खतावणी. गाडीच्या बाबतीतही हाच क्रम हवा: स्वस्त तपासणी आधी, महाग तपासणी शेवटी.

इंजिनाची शक्ती फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट व डिफरन्शियल अशा वाटेने मागच्या चाकांपर्यंत पोहोचते. दोष या वाटेवर कोठेही असू शकतो. चालकाला तो बहुधा गिअरच्या दांड्यापाशीच जाणवतो. म्हणून तक्रारीनुसार विचार करू.

१) इंजिन जोरात फिरते, पण गाडी ओढत नाही. हा बहुधा क्लच घसरण्याचा दोष होय. प्रथम पेडलची मोकळी चाल पाहावी. ती मुळीच नसेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेले राहते आणि चांगली प्लेटही घसरते. चाल ठीक असेल तर मोकळ्या सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून व हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच पकड घेतो आहे. फिरतच राहिले तर प्लेट झिजली आहे किंवा तिच्यावर तेल आले आहे. ही परीक्षा एकदाच करावी. पुनःपुन्हा केल्यास प्लेट तापून जळते.

२) गिअर पडत नाही किंवा खरखरतो. इंजिन बंद करून सर्व गिअर टाकून पाहावेत. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिक क्लच असल्यास तेलाची पातळी, नळीतील हवा व सिलिंडरची रबरे तपासावीत. इंजिन बंद असतानाही अडत असतील तर दांड्याची जोडणी पाहावी. एकच गिअर खरखरत असेल तर मात्र त्या गिअरच्या सिंक्रो रिंगवर संशय घ्यावा.

३) आवाज येतो. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन मंद चालू. पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर थांबला तर बॉक्समधील बेअरिंग. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्याचे दाते. गाडी हलताना ‘खट्’ होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आधी पाहावेत.

४) चालत्या गाडीत गिअर सुटतो. प्रथम इंजिन व बॉक्सच्या माउंटिंगची रबरे आणि दांड्याची जोडणी पाहावी. ती ठीक असतील तरच आतील फोर्क, स्प्रिंग किंवा झिजलेले दाते यांचा विचार करावा.

शेवटी तेल. बॉक्सचे तेल काढल्यावर चुंबकी प्लगवर बारीक लोहकण दिसणे स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे निघाले, तर बॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्याकडील जुन्या मालवाहू पिकअपमध्ये बहुधा हाताने टाकायचे गिअरच असतात. अमेरिकेत मात्र जनरल मोटर्सने 1939 साली ‘हायड्रामॅटिक’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स आणला आणि पुढे तेथील पिकअपमध्येही असे बॉक्स रूढ झाले. त्यांत क्लचचे पेडल नसते. शक्ती वाहून नेण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेलाच्या दाबावर चालते. म्हणून तेथे पहिली तपासणी तेलाचीच. ते काळे पडून जळका वास येत असेल तर आतील प्लेटा जळल्या आहेत. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनासारखी निर्वात ओढ निर्माण करीत नाही. त्यामुळे काही जुन्या डिझेल गाड्यांत इंजिनावरील ताणाची खबर बॉक्सला देण्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप व रबरी नळी असते. काहींत केबल असते. नळी चिरली किंवा केबल ढिली झाली की गिअर अवेळी किंवा धक्क्याने पडतात आणि दोष मात्र बॉक्सच्या माथी येतो. देश वेगळा, यंत्र वेगळे, पण क्रम तोच.

या सर्व परीक्षांना मिळून फार तर तासभर लागतो. बॉक्स विनाकारण उघडला तर होणारा खर्च बिलात निम्माच दिसतो. उभ्या गाडीचे बुडालेले भाडे कोणत्याच बिलावर लिहिलेले नसते. तेव्हा गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी चालकाने चार गोष्टी कागदावर टिपून घ्याव्यात: दोष कोणत्या गिअरमध्ये येतो, इंजिन थंड असताना की तापल्यावर, गाडी भरलेली असताना की रिकामी, आणि पेडल दाबल्यावर की सोडल्यावर. एवढी टिपणे हाती असली की मिस्त्रीचे काम सोपे होते आणि मालकालाही ‘आधी क्लच पाहा’ असे आधाराने म्हणता येते.