वृद्धांतील औषधजन्य मलावरोध : विरेचनापूर्वी औषधांची पिशवी पाहावी

नातेपुते हे आळंदी-पंढरपूर पालखीमार्गावरील मुक्कामाचे गाव. आषाढी वारीत वयस्क वारकऱ्यांना अवेळी जेवण, अपुरे पाणी आणि सोयीच्या अभावी होणारे वेगधारण यांमुळे मलावरोध होणे स्वाभाविक आहे. घरी परतून दिनचर्या सुरळीत झाली की तो बहुधा आपोआप सुटतो. परंतु ज्या वृद्धांनी वारीत पाऊलही टाकलेले नाही, ज्यांचा आहार वर्षानुवर्षे तोच आहे, अशांनाही एकाएकी मलावरोध जडतो. त्याचे कारण पुष्कळदा त्यांच्या रोजच्या गोळ्यांत असते. हे कारण न शोधता आपण चूर्ण लिहून देतो, किंवा दुकानातून 'पोट साफ होण्याची पुडी' दिली जाते. प्रस्तुत लेखाचा हेतू या एका सवयीचा फेरविचार करणे हा आहे.

संप्राप्तीचा विचार

वार्धक्य हा वातप्राधान्याचा काळ आणि पक्वाशय हे वाताचे प्रमुख स्थान. अग्निमांद्य, अल्प आहार, हालचालीचा अभाव व रूक्षता यांमुळे अपानाची गती आधीच मंद झालेली असते. अशा क्षेत्रात आतड्याची गती कमी करणारे औषध पडले की पुरीषवह स्रोतसाचा संग होण्यास वेळ लागत नाही. तरुणाला जे औषध सहज सोसते तेच सत्तरीच्या रुग्णास बाधते, याचे हे कारण. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा मलप्रवृत्ती हे प्रमाण सर्वमान्य असले, तरी कुंथावे लागणे, खडे होणे व पोट साफ न झाल्याची जाणीव यांनाही तितकेच महत्त्व द्यावे.

कोणती औषधे?

१) वेदनाशामके : ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन. कोडीनयुक्त खोकल्याची औषधेही याच गटात येतात.
२) रक्तदाबाची औषधे : व्हेरापामिलमुळे विशेषकरून; अ‍ॅम्लोडिपिनमुळे काही रुग्णांत.
३) मूत्रल औषधे : शरीरातील द्रव कमी होऊन मल शुष्क होतो. शिवाय 'रात्री उठावे लागते' म्हणून वृद्ध पाणी पिणेच कमी करतात.
४) लोह, कॅल्शियम कार्बोनेट, तसेच अ‍ॅल्युमिनियमयुक्त आम्लपित्तशामके.
५) अ‍ॅमिट्रिप्टिलिन, कंपवातातील ट्रायहेक्सीफेनिडिल, मूत्रवेगासाठीचे ऑक्सिब्युटिनिन व सोलिफेनासिन, पोटदुखीवरील डायसायक्लोमिन, सर्दीवरील क्लोरफेनिरामिन. यांतील दोन-तीन औषधे एकत्र आली की बाधा वाढते.

कंपवात, मधुमेह व थायरॉइडची मंदता हे विकार स्वतःही मलावरोध करतात. म्हणून सर्व दोष गोळीवर टाकू नये.

एक उदाहरण

पुढील रुग्णचित्र कल्पित आहे. तथापि अनेक वाचकांना त्यात ओळखीचा चेहरा दिसेल. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन व मूत्रल घेतात. गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल सुरू झाले. पुढे लघवीचा वेग आवरत नाही म्हणून सोलिफेनासिनची भर पडली. मलावरोध झाला, तेव्हा मुलाने सोनामुखीचे चूर्ण नेले. त्याने भागेना, म्हणून मात्रा दुप्पट केली. पंधरा दिवसांनी तक्रार बदलली : 'दिवसभर थोडे थोडे पातळ होते, कपडे खराब होतात.' अतिसार समजून कुटज व लोपेरामाइड दिले गेले. आजी जेवेनात, रात्री असंबद्ध बोलू लागल्या, लघवी तुंबली. गुदपरीक्षणात मलाशय कठीण मलाने गच्च भरलेला आढळला. पातळ मल त्या गाठीच्या कडेने झिरपत होता.

येथे चूक एकाची नाही. प्रत्येकाने आपापल्या तक्रारीवर औषध दिले. सर्व औषधे एकत्र मांडून कोणी पाहिली नाहीत. वृद्धाच्या 'अतिसारा'त स्तंभक देण्यापूर्वी उदर व गुदपरीक्षण टाळू नये, हा यातील मुख्य बोध होय.

परीक्षणाचा क्रम

रुग्णास सर्व औषधे पिशवीसह आणावयास सांगावे. त्यात दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या, चूर्णे व शेजाऱ्याने दिलेली औषधेही यावीत. मलावरोध कधी सुरू झाला आणि त्यापूर्वीच्या महिन्यात कोणते औषध नवे आले किंवा कोणाची मात्रा वाढली, हे दोन प्रश्न एकापुढे एक विचारावेत. उत्तर पुष्कळदा तेथेच मिळते.

पुढील लक्षणे असल्यास मात्र औषधाला दोष देऊन थांबू नये : मलातून रक्त, वजन घटणे, उत्तरवयात नव्याने बदललेली मलप्रवृत्ती, उलटी व आध्मानासह वायूही न सरणे. विशेष सावधगिरी पांडूच्या रुग्णात हवी. लोहाने मलावरोध होतो हे खरे. पण वृद्धास पांडू मुळात का झाला, हा प्रश्न उरतोच. मोठ्या आतड्याचा अर्बुद पांडू आणि मलावरोध या दोन्ही रूपांनी प्रकट होऊ शकतो. अशा रुग्णास तपासणीसाठी विनाविलंब पाठवावे.

चिकित्सा : काय करावे, काय टाळावे

निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा. तथापि दुसऱ्या चिकित्सकाने दिलेले औषध आपण परस्पर बंद करू नये. रक्तदाबाची, हृदयाची वा कंपवाताची गोळी अचानक थांबवणे मलावरोधापेक्षा घातक ठरू शकते. संबंधित डॉक्टरांस चार ओळींची चिठ्ठी द्यावी : औषधाचे नाव, सुरू केल्याची तारीख, तक्रारीची तारीख आणि पर्यायाची विनंती.

मृदु अनुलोमन श्रेयस्कर. हरीतकी, भिजवलेल्या मनुका, जेवणात तूप, कोमट पाणी व सकाळच्या न्याहारीनंतर शौचास बसण्याची नियमित वेळ यांवर भर द्यावा. मधुमेहात मनुकांचे प्रमाण, तर हृदय व वृक्कविकारात पाण्याचे प्रमाण तारतम्याने ठरवावे. मात्राबस्ती वृद्धांस सोसणारी आहे. परंतु आंत्रावरोधाची शंका असताना बस्ती वा विरेचन देऊ नये.

इसबगोल भरपूर पाण्यासोबतच द्यावे. अंथरुणास खिळलेल्या किंवा गिळण्यास त्रास असणाऱ्या रुग्णास ते देऊ नये. वेदनाशामकांनी मंदावलेल्या आतड्यात ते साचून राहते. इतर औषधे व इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

सोनामुखीचा वापर अल्पकाळच असावा. मूत्रल औषधांनी पोटॅशियम आधीच घटते, विरेचनाने ते आणखी घटते, आणि रुग्ण डिगॉक्सिन घेत असेल तर हृदयाची गती बिघडण्याचा धोका उद्भवतो. यष्टिमधूच्या दीर्घ सेवनानेही पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. पंचसकार चूर्णात सोनामुखीसह सैंधव आहे, अविपत्तिकरात साखरेचा भाग मोठा आहे. अनुक्रमे रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या रुग्णांत याचा विसर पडू नये. जयपालयुक्त इच्छाभेदी दुर्बल वृद्धास देऊ नये.

औषधी विक्रेत्यांस विनंती

वयस्क ग्राहक तेच रेचक पुन्हा मागू लागला, तर पुडी देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : 'आजोबा, सध्या कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत?' मूत्रल किंवा हृदयाचे औषध असल्यास त्यांना वैद्यांकडे पाठवावे. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले आहे. चिठ्ठीविना ते देण्याचा प्रश्नच नाही. संशयित दुष्परिणामांची नोंद २०१० पासून चालू असलेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे करता येते. आयुर्वेदीय औषधांसाठी आयुष मंत्रालयाची स्वतंत्र व्यवस्था असून, आपल्या चूर्णांचे दुष्परिणामही तितक्याच प्रामाणिकपणे कळवणे हे आपले कर्तव्य आहे.

मलावरोध ही वृद्धास सांगायला संकोच वाटणारी तक्रार आहे. ती त्याने सांगितली, म्हणजे आपल्यावर विश्वास टाकला. त्या विश्वासाला पुडीने नव्हे, तर पाच मिनिटांच्या नीट विचारपुशीने उत्तर द्यावे, एवढीच समव्यावसायिकांस विनंती.