जुने दार, फटीतला वारा आणि आपले आरोग्य

थंडी पडू लागली की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते, "डॉक्टरसाहेब, दारातून वारा लागला हो." गुलमंडी, राजाबाजार, औरंगपुरा या भागांतले जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. मलिक अंबरने १६१० साली वसवलेले आपले शहर बावन्न दरवाजांचे म्हणून ओळखले जाते. आज मात्र घराच्या दाराविषयी लिहावयाचे आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. वाऱ्याने सर्दी-पडसे होत नाही, ते विषाणूंमुळे होते. तोंड अचानक वाकडे झाले तरी "वारं गेलं" म्हणून तेल चोळत बसू नये. चेहऱ्याच्या नसेचा विकार असेल तर पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेल्या औषधाचा चांगला उपयोग होतो. आणि पक्षाघात असेल तर एकेक मिनिट मोलाचे असते. दोन्हींतला फरक डॉक्टरांना ठरवू द्यावा.

मग फट बुजवायची कशाला? कारण थंड, कोरडी हवा दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळते. थंडीत रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब चढतो. दाराशेजारी बाज टाकून झोपणाऱ्या आजोबा-आजींना हे विशेष बाधते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड व समशीतोष्ण प्रदेशांसाठी घरातले तापमान १८ अंशांखाली जाऊ नये असे सुचवले. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री बाहेरचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. उन्हाळ्यात त्याच फटीतून झळा आणि धूळ आत येते, ते वेगळेच.

फट किरकोळ वाटते, पण हिशेब करून पाहा. दार ४२ इंच रुंद आणि खाली अर्ध्या इंचाची फट, म्हणजे २१ चौरस इंच. भिंतीत साडेचार इंच लांब-रुंद चौकोनी भोक पाडले तर आपण ते एक रात्रही तसे ठेवणार नाही! वारा कोठून येतो ते पाहण्यासाठी संध्याकाळी पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर जेथे वाकतो तेथे फट. पडदे मात्र आधी बाजूला सारा.

सुतारकामाचे मी एका जुन्या मिस्त्रींकडून शिकलो. त्यांचे म्हणणे असे, की आधी बिजागऱ्या पाहाव्यात. बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार एका अंगाला उतरते, खाली घासते आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. भोकात लाकडाची चपटी काडी सरस लावून ठोकावी आणि स्क्रू पुन्हा आवळावा. निम्मे काम तेथेच होते. दुसरे, पावसाळ्यात दार फुगले म्हणून रंधा मारून घेण्याची घाई करू नये. हिवाळ्यात लाकूड सुकून आकसते आणि तीच जागा मोकळी पडते. दोन फळ्यांच्या दारात मधल्या सांध्यावर एका फळीला लाकडी पट्टी मारावी. चौकट आणि भिंत यांतली भेग सिमेंट-वाळूने किंवा चुन्याने भरावी. चौकटीच्या खाचेत हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी चिकट फोमची पट्टी बसते. खालच्या फटीसाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून लाकडी पट्टीखाली ठोकली तरी चालते. तेवढाही खर्च नको असेल तर जुन्या लुगड्याची लांब पिशवी शिवून वाळू भरावी व रात्री उंबरठ्याला लावून ठेवावी. विंचवाची वाटही त्यामुळे अडते. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड येथे काम करताना दाखवून दिले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. तरी विंचू घरात न आलेलाच बरा.

आता सर्वांत महत्त्वाचे. दार घट्ट झाल्यावर खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले ठेवून झोपू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर थांबला तरी तो निघतच असतो. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते झोप लागते आहे, आणि तो उठतच नाही. पूर्वी फुटक्या दारातून हवा खेळत असल्याने अनेकांचे जीव नकळत वाचले असतील. न्हाणीघरातल्या गॅस गिझरलाही हेच लागू. एकाच घरात दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर दारे-खिडक्या उघडून सर्वांना बाहेर काढा आणि १०८ क्रमांकावर फोन करा.

म्हणून दाराची फट बुजवा, पण वरचा झरोका बुजवू नका. उंचावरच्या झरोक्यातली हवा अंगावर येत नाही, आणि कोंदट हवा बाहेर जाते. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर खोलीची खिडकी दिवसभर उघडीच हवी. त्याला शाल द्यावी, वारा तोडू नये.

पट्ट्या बसवून झाल्यावर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आतून कडी काढून दार उघडायला सांगा. त्यांना जोर लावावा लागत असेल तर पट्टी थोडी तासा आणि कडीला तेल द्या.