शिवारातील नाला आणि गावची विहीर

खानदेशच्या नकाशात तापी, गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर ही नावे ठळक अक्षरांत असतात. या नद्यांना मिळणाऱ्या असंख्य नाल्यांपैकी बहुतेकांना नकाशात नाव नसते. गावात मात्र ते असते, आणि गावच्या पिण्याच्या पाण्याची विहीर पुष्कळदा अशाच एखाद्या नाल्याच्या काठी, थोड्याच पावलांवर खोदलेली आढळते. यामागे जुना अनुभव आहे. नाल्याच्या पाझरामुळे तेथील पाणी उन्हाळ्यातही अधिक काळ टिकते. परंतु ज्या वाटेने पाझर विहिरीत येतो, त्याच वाटेने नाल्यातील व भोवतालच्या शेतांतील विरघळलेली द्रव्येही येतात. त्यामुळे नाल्याची प्रकृती हा ग्रामपंचायतीच्या आरोग्यविषयक जबाबदारीचा विषय ठरतो.

जळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागात हा संबंध विशेष निकटचा आहे. चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांत सातपुड्यातून उतरणारे नाले पायथ्याशी दगडगोटे व वाळू यांच्या जाड थरांवरून वाहतात. भूशास्त्रज्ञ या पट्ट्यास ‘बझाडा’ असे म्हणतात. डोंगरातून खळाळत आलेला नाला येथे पाहता पाहता जमिनीत गडप होतो. भूजलाच्या पुनर्भरणास याहून उत्तम जागा मिळणे कठीण. पण दूषित पाण्यासही येथे फारशी गाळणी लाभत नाही. त्याच पट्ट्यात व त्याच्या दक्षिणेस मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांत केळीची लागवड होते, आणि केळी हे भरपूर खत मागणारे पीक आहे.

गढूळ पाणी व नितळ पाणी

पाणी गढूळ म्हणजे वाईट आणि नितळ म्हणजे चांगले, असा सर्वसाधारण समज आहे. खतांच्या बाबतीत तो अपुरा पडतो. स्फुरद हे मुख्यत्वे मातीच्या कणांना चिकटून राहते व मृगाच्या पहिल्या पुरांत मातीबरोबर वाहून जाते. नत्राची गोष्ट निराळी आहे. युरियात 46 टक्के नत्र असते. जमिनीतील जीवाणू त्याचे अखेरीस नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो व नायट्रेटवरही ऋणच. म्हणून खानदेशातील काळी जमीन कितीही कसदार असली, तरी नायट्रेटला ती धरून ठेवू शकत नाही. पिकाने न घेतलेला अंश पाण्याबरोबर खाली उतरतो आणि कार्तिकात, नाला आरशासारखा नितळ झालेला असताना, पाझरातून वाहत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण दर लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे भारतीय मानक आहे. सहा महिन्यांच्या आतील ज्या बालकांना वरचे दूध पाणी घालून दिले जाते, त्यांना या दोषाचा धोका सर्वांत जास्त असतो. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते व अंग निळसर पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात शेतातील विहिरींच्या पाण्यामुळे असे घडल्याचे डॉ. कॉमली यांनी 1945 मध्ये दाखवून दिले. येथे एक गोष्ट प्रत्येक जलसुरक्षकाने ध्यानात ठेवावयास हवी. टीसीएल पावडरीने रोगजंतू मरतात, नायट्रेट जात नाही. आणि पाणी उकळल्यास वाफ निघून गेल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते. अशा विहिरीचे पाणी बालकांसाठी वापरणे थांबवून दुसरा स्रोत शोधणे, हाच तेथे उपाय असतो.

नमुना केव्हा घ्यावा

पाण्यात विरघळलेला प्राणवायू हे नाल्याच्या आरोग्याचे दुसरे माप होय. माशांच्या वाढीसाठी तो दर लिटरला किमान 4 मिलिग्रॅम असावा, असा निकष केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठेवला आहे. 30 अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी हवेतून जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते. पाणी अधिक तापले की तेवढाही राहत नाही. खानदेशच्या उन्हाळ्यात काठावरची करंज, जांभूळ, उंबराची सावली म्हणूनच मोलाची आहे.

खतांवर पोसलेले शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री स्वतःच तो वापरते. त्यामुळे दुपारी दोन वाजता उत्तम दिसणारा नाला पहाटे पाच वाजता गुदमरलेला असू शकतो. कार्यालयीन वेळेत घेतलेले नमुने या बाबतीत अनेकदा फसवे ठरतात. काढणीनंतर केळीची खोडे नाल्यात लोटून दिली, तर ती कुजतानाही हाच प्राणवायू खर्ची पडतो.

जीवजंतूंची साक्ष

रासायनिक तपासणी त्या क्षणाचे पाणी सांगते; तळातील जीवजंतू मागील अनेक आठवड्यांची हकीकत सांगतात. या तत्त्वावर ब्रिटनमध्ये 1970 नंतरच्या दशकात कीटककुलांना गुण देण्याची एक पद्धती तयार झाली व पुढे भारतातील नद्यांसाठीही तिचा अवलंब करण्यात आला. शाळेतील मुलांना तिचे सोपे रूप सहज जमण्याजोगे आहे. वाहत्या पाण्यातील दगड उचलून त्याची खालची बाजू पाहावी. कडेला कल्ले आणि मागे केसांसारखे दोन-तीन तंतू असलेली चपटी पिल्ले, किंवा वाळूच्या कणांचे नळकांडे बांधून त्यात राहणाऱ्या अळ्या दिसल्या, तर प्राणवायू पुरेसा आहे. रक्तासारख्या लाल अळ्या आणि बारीक तांबडे कृमीच तेवढे उरले असतील, तर तो संपत आला आहे.

याहून बोलकी अशी एक तिसरी अवस्था आहे. पाणी वाहते आहे, गोगलगायी व कृमी आहेत, पण कीटक मात्र जवळजवळ नाहीत. असे दिसल्यास कीटकनाशकाचा संशय घ्यावा. कपाशीवर वापरली जाणारी पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे माणसास तुलनेने कमी, परंतु जलचर कीटक, मासे व खेकडे यांना अत्यंत विषारी असतात. फवारणीचा पंप एकदा नाल्यात विसळला तरी ती हानी होऊ शकते. ही पाहणी आश्विन ते मार्गशीर्ष या काळात करावी. माघापर्यंत कित्येक नाले आटतात, आणि आटत्या डबक्यात कीटक कमी दिसले म्हणजे पाणी दूषित झाले, असे होत नाही.

वाहते पाणी व अडलेले पाणी

साक्री तालुक्यात पांझरा व कान या नद्यांवर कित्येक पिढ्यांपासून फड पद्धती चालत आली. बुटक्या बंधाऱ्याने उचललेले पाणी पाटातून फडांना मिळे, जादा पाणी सांडीवाटे पुन्हा नदीत जाई, आणि बंधाऱ्यावरून ओसंडणारा प्रवाहही खालच्या बंधाऱ्यास पोचे. पुढे वरच्या अंगास धरणे झाली व अनेक बंधाऱ्यांचा प्रवाह क्षीण झाला.

शिरपूर तालुक्यात 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून सिमेंटचे बंधारे बांधण्यात आले. विहिरींना त्याचा लाभ झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र खोल केलेला नाला हा नाला राहत नाही, तो तलावांची मालिका होतो. खळाळत्या पाण्यातील जीव तेथे टिकत नाहीत. शिवाय नाल्याचे पाणी व भूजल यांमधील मातीचा थर खोदून काढल्यावर, वरून येणारे खत-औषध गाळणारे काही उरत नाही. जेथे असे काम झाले आहे, तेथे पाणी किती साठले याच्या जोडीला ते कसे आहे याचीही नोंद ठेवणे अगत्याचे ठरते.

काठापासून काही मीटर अंतरापर्यंत नांगरट न करता गवत, निर्गुडी व करंज राखल्यास माती आणि तिच्याबरोबरचे स्फुरद बऱ्याच अंशी अडते. नायट्रेटवर त्याचा परिणाम मर्यादित असतो. तेथे खताच्या मात्रा विभागून ठिबकातून देणे अधिक उपयोगी पडते. गावच्या स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा होते. नाल्याकाठच्या विहिरीसाठी ती पावसाळ्यानंतर, पाझर वाहत असताना करून घ्यावी आणि शक्य तेथे उन्हाळ्यात दुसऱ्यांदा करावी. नाल्याचा एक नमुना गावाच्या वरच्या अंगास, तर दुसरा खालच्या अंगास एकाच दिवशी घ्यावा; म्हणजे दोष शिवारातून येतो की गावाच्या सांडपाण्यातून, हे ग्रामसभेपुढे आकड्यांनिशी ठेवता येते.